नाकतोडा इमारत सोडून आकाशावर चढला, हे मलाच दिसलं का?

रात्रपाळी:
काल 'बिगिनिंग ऑफ द एंड' (1957) पाहिला. किरणोत्सर्गावर पोसलेल्या भाज्या खाऊन नाकतोडे बसएवढे होतात आणि शिकागोवर चालून येतात, अशी गोष्ट. शेवटाकडे एक नाकतोडा उंच इमारतीवर चढतोय. चढता चढता कडेला येतो आणि पुढचा पाय टाकतो तो थेट बाजूच्या आकाशावर! पडत-बिडत नाही. आकाश म्हणजे जणू शेजारची भिंत. तीनदा मागे नेऊन पाहिलं. झोपेचा अंमल होता की खरंच तसं आहे?

भिंगवाला:
बरोबर पाहिलंत. तिथे इमारत नाहीच, इमारतीचा फोटो आहे. दिग्दर्शक बर्ट आय. गॉर्डनने शिकागोच्या इमारतींचे फोटो घेतले आणि त्यांवर खरे, जिवंत नाकतोडे सोडले. कागदावर इमारत कुठे संपते हे त्या बिचाऱ्याला काय कळणार!

मी किड्यांचे फोटो काढतो, म्हणून दोन गोष्टी लगेच खटकतात. एक सावली. खऱ्या भिंतीवर ती खिडकीच्या खाचेत मोडते, सज्ज्यावर वाकडी होते. सपाट कागदावर मोडायला जागाच नाही. दुसरं वजन. किडा पाय झटक्यात उचलतो, बसएवढ्या प्राण्याला ते जमणार नाही. त्यासाठी कॅमेरा जास्त वेगाने चालवून चित्रण करतात, मग पडद्यावर तीच हालचाल संथ आणि जड वाटते.

गॉर्डन सांगायचा तो किस्सा असा: टेक्सासहून 200 नाकतोडे मागवले, पैदास होऊ नये म्हणून सगळे नर. ते एकमेकांनाच खात सुटले आणि काम संपेपर्यंत डझनभर उरले. (याच्या नावाची इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की 'बिग' होतं. माणूस जन्मभर लहान गोष्टी मोठ्या करून दाखवत राहिला.)

तिरकस:
फोटोवर किडे सोडायचे आणि तिकिटं विकायची, याचं कसलं कौतुक? त्याआधी तीन वर्षं 'देम!' आला होता. त्यातल्या मुंग्या खरोखर अवाढव्य, यंत्रावर हलणाऱ्या. सावलीसकट.

चौथी रांग:
तिरकसराव, 'देम!'मागे वॉर्नर ब्रदर्स होते. खिसा फाटका असला की काय होतं ते 'इट केम फ्रॉम बिनीथ द सी' (1955) मध्ये बघा. रे हॅरीहाउसेनसारखा कसबी माणूस, पण त्याच्या ऑक्टोपसला हात सहाच! बाहुलीचा एकेक हात किंचित हलवायचा, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायचा. सेकंदाला 24 फ्रेम. ढोबळ हिशेबाने आठ हात असते तर सेकंदाला 192 वेळा हलवाहलव, सहा असले की 144. वेळ वाचला, पैसा वाचला. अष्टपाद म्हणता येईना, आणि षट्पद म्हणावं तर भुंगा आठवतो.

तरी हे भाग्यवान. 'द जायंट क्लॉ'च्या (1957) निर्मात्याने पक्षी मेक्सिकोत स्वस्तात करून घेतला. नट मंडळी चित्रण करताना रिकाम्या आकाशाकडे बघून घाबरत होती, पक्षी कोणाला दाखवलाच नव्हता. नायक जेफ मॉरोने तो पहिल्यांदा थेटरात पाहिला. लांब मान, डोक्यावर चार केस, बटबटीत डोळे. लोक हसायला लागले तसा तो खेळ संपायच्या आत हळूच बाहेर सटकला, असं त्यानेच पुढे सांगितलंय.

तिरकस:
यात माझाच मुद्दा सिद्ध झाला. पण मॉरोचं वाईट वाटलं, हे खरं.

रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार. भिंगवाला, सावली पाहिली आणि आता दुसरं काही दिसेना! ऑक्टोपसचे हात मोजायला बसलो. गोल्डन गेट पुलापाशी पाचच भरले. सहावा पाण्यात असेल असं धरून चाललोय.