‘आसेन्सो’ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. आखातात काम करणाऱ्या फिलिपिनो बायकांच्या मुलाखती मराठीत आणते आहे. जवळजवळ प्रत्येकीच्या बोलण्यात ‘आसेन्सो’ येतं. शब्द मूळचा स्पॅनिश, अर्थ चढण किंवा बढती. तागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या मुख्य भाषेत, त्याचं क्रियापद होतं ‘उमासेन्सो’. कोशात प्रगती, उन्नती, उत्कर्ष असे पर्याय मिळतात. पण लोकांच्या घरी धुणीभांडी आणि मुलं सांभाळणारी बाई ‘मला उत्कर्ष साधायचा आहे’ असं कधी म्हणेल? ‘वैयक्तिक प्रगती’ तर त्याहून लांब, कारण या बायकांच्या वाक्यांत ‘मी’ क्वचितच एकटी असते. रोजच्या तोंडातला शब्द हवा आहे.

दुबईकर

‘वर येणे’. आणि इतरांना सोबत घेऊन असेल तर ‘घर वर काढणे’. आपल्याकडे म्हणतातच की, थोरलीनं नोकरी करून घर वर काढलं.

इथे फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून खात्रीनं सांगतो. थोरल्या अपत्याला ते ‘पंगानाय’ म्हणतात, आणि तो नुसता जन्माचा क्रम नसतो, ती जबाबदारी असते. पगार झाला की पहिलं काम पैसे घरी पाठवायचं. त्यातून धाकट्या भावाची नर्सिंगची किंवा बोटीवरच्या कोर्सची फी जाते. तो नोकरीला लागला की त्याच्या पाठच्या बहिणीचं शिक्षण त्यानं उचलायचं. स्वतःचं लग्न, स्वतःचं घर हे सगळं त्यानंतर. ‘आसेन्सो’ झाला की नाही हे विचारायचं तर गावाकडे पत्र्याच्या जागी पक्कं छप्पर आलं का आणि शेवटचं भावंड पदवीधर झालं का, हे विचारावं लागतं.

भाषाप्रेमी

दुबईकरांशी पूर्ण सहमत. त्याला जोडून एक अस्सल तागालोग शब्द सांगतो, तो या मुलाखतींत नक्की सापडेल: ‘आहोन’. पाण्यातून काठावर येणं, खालून चढून वर येणं, हा त्याचा मूळ अर्थ. त्यावरूनच ‘माइआहोन आंग पामिल्या सा हिराप’, म्हणजे कुटुंबाला हलाखीतून वर काढणं. ‘घर वर काढणे’ इथे इतकं चपखल बसतं की दुसरा शब्द शोधूच नये. ‘हिराप’ म्हणजे कष्ट, हाल. त्याचं विशेषण ‘माहिराप’. गरीब आणि अवघड या दोन्हींना हा एकच शब्द! भाषांतर करताना दर वेळी संदर्भ पाहावा लागेल.

पाणी ओलांडण्याची ही कल्पना सरकारी नावातही आहे. 2008 साली गरीब कुटुंबांना रोख मदत द्यायची योजना सुरू झाली, मुलांनी शाळेत जावं आणि आरोग्य तपासणी व्हावी या अटींवर. तिचं नाव ‘पांताविद पामिल्यांग पिलिपिनो’. ‘ताविद’ म्हणजे पलीकडे जाणं. पांताविद म्हणजे निभावून नेणारं, पैलतीर गाठेपर्यंत पुरणारं. 7,641 बेटांच्या देशाची भाषा आहे ही.

आता कायद्याकडे पाहा. 1987 च्या तिथल्या कुटुंब संहितेत एकमेकांचा चरितार्थ चालवण्याचं बंधन आई-वडील आणि मुलं यांच्यापुरतं थांबत नाही, त्यात सख्खी भावंडंही येतात. शिवाय ‘चरितार्थ’ या शब्दात शिक्षण आणि व्यवसायाचं प्रशिक्षणही धरलं आहे, सज्ञान झाल्यानंतरचंसुद्धा. थोरलीनं धाकट्याची फी भरणं ही तिथे निव्वळ माया नाही, कायद्यानंही ती अपेक्षा मान्य केली आहे.

आणि या सगळ्याच्या मुळाशी ‘उतांग ना लोओब’. उतांग म्हणजे कर्ज, लोओब म्हणजे आतलं, अंतःकरण. ‘उपकार’ म्हणू नका, आपल्याकडे उपकार फेडून मोकळं होता येतं. ‘ऋण’ बरं, कारण ऋणात राहणं हा आपल्याकडेही चांगुलपणा मानतात. ज्याला हे ऋण नाही असा माणूस, ‘वालांग उतांग ना लोओब’, ही तिथली जिव्हारी लागणारी शिवी आहे. आपल्या ‘कृतघ्न’पेक्षा धार जास्त. मला मनापासून वाटतं की हे ऋण सुंदर आहे आणि जड आहे, आणि भाषांतरात दोन्ही दिसायला हवं. मुलाखतीतली एखादी बाई थकून बोलत असेल तर तिचा थकवा ‘त्याग’ या शब्दाखाली झाकू नका.

धागाकर्ती

‘घर वर काढणे’ लगेच घेतलं. त्याग हा शब्द एका मसुद्यात खरंच होता, काढून टाकते. आता ‘दिस्कार्ते’? ‘जुगाड’ लिहिलं होतं, पण मन मानत नाही.

दुबईकर

जुगाड नको. ‘हिकमत’ घ्या. आणि ज्याच्याकडे ती आहे तो ‘मादिस्कार्ते’, म्हणजे हिकमती किंवा खटपट्या. पत्ते खेळताना नको असलेलं पान टाकणं, त्या स्पॅनिश शब्दावरून हा आला. हातातल्या पानांवरच डाव रेटायचा. नोकरी सांभाळून संध्याकाळी घरी केलेले पदार्थ विकणारी, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्यांचे केस कापून देणारी, ती मादिस्कार्ते. ‘डिप्लोमा मोठा की दिस्कार्ते’ यावर तिथे कायम वाद रंगतो. (पोरीला पटवण्याच्या प्रयत्नालाही दिस्कार्तेच म्हणतात, तेवढं जपून.)

ठाण्याची वाचक

पैशांच्या शब्दांबद्दल थोडं लिहू का? माझ्या वहिनी मनिलात राहतात, त्यांच्याकडून ऐकलेलं.

तिथे बऱ्याच ठिकाणी पगार महिन्यातून दोनदा, 15 तारखेला आणि महिनाअखेरीस. 15 च्या पगाराला ‘किन्सेनास’ म्हणतात. पगाराआधीचे कडकीचे दिवस म्हणजे ‘पेत्सा दे पेलिग्रो’, शब्दशः धोक्याची तारीख. या दिवसांत कोपऱ्यावरचं ‘सारी-सारी’ दुकान घर चालवतं. लोखंडी जाळीमागे शांपूच्या पुड्यांच्या माळा लटकलेल्या, व्हिनेगर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं, सिगारेट एक हवी तर एक. असं सुटं घेण्याला ‘तिंगी’ म्हणतात. वहीवर उधारी चालते. आपल्या ‘हातावर पोट’ला त्यांचं वाक्य आहे ‘इसांग काहिग, इसांग तुका’: कोंबडीनं एकदा उकरायचं, एकदा टिपायचं.

‘पालुवागान’ म्हणजे तर थेट आपली भिशी. ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी पैसे काढायचे, एकानं पूर्ण रक्कम उचलायची, मग पुढच्याचा नंबर. ‘लुवाग’ म्हणजे सैलपणा, मोकळीक. भाषांतरात सरळ ‘भिशी’ लिहा, तळटीप लागणार नाही.

ज्यांना भिशी पुरत नाही ते ‘पाच-सहा’कडे जातात: पाच घ्यायचे, सहा परत करायचे, वसुली बहुतेक रोजची, मोटारसायकलवरून. हे सावकार प्रामुख्याने पंजाबी, पण लोक त्यांना ‘बुम्बाय’ म्हणतात, आपल्या बॉम्बेवरून! भारतीय माणूस कुठलाही असो, तो बुम्बाय. मोठा कांदासुद्धा ‘सिबुयास बोम्बाय’. या सावकारीला पर्याय म्हणून सरकारनं 2017 साली छोट्या कर्जांची योजना आणली, तिच्या नावात तुमचा शब्द आहे: ‘पोंदो सा पाग्बाबागो आत पाग-आसेन्सो’, बदल आणि आसेन्सोसाठी निधी. इथे मात्र ‘प्रगती’ चालेल, कारण हे सरकारी नाव आहे.

भाषाप्रेमी

छान माहिती, ताई. गरिबाला तागालोगमध्ये ‘दुखा’ असाही शब्द आहे, आपल्या दुःखाचाच. आशेला ‘आसा’, किमतीला ‘हालागा’ (अर्घ, मलायमार्गे), शिक्षकाला ‘गुरो’. मुलाखतींत हे दिसले तर दचकू नका.

धागाकर्ती

‘आसा’ आहे! दोनदा आला आहे. शेवटचा एक शब्द: ‘बाहाला ना’. बोटीत चढताना, विमानात बसताना सगळ्या हेच म्हणतात. मी ‘देवाच्या मनात असेल ते’ केलं आहे.

भाषाप्रेमी

शब्दाचा उगम बाथाला या देवाच्या नावात सांगतात, त्यामुळे तुमचं भाषांतर चुकीचं नाही. पण त्यात हात टेकल्याचा सूर येतो. फिलिपिनो मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेदो लागमाय यांनी याच समजाला आक्षेप घेतला होता. पुढचं काही दिसत नसताना स्वतःला धीर देऊन पाऊल टाकणं, असा अर्थ त्यांनी मांडला. परदेशी कामाला निघालेली बाई हात टेकून निघत नाही. मी असतो तर ‘होईल ते होईल, निघायचं’ असं लिहिलं असतं. ‘निघायचं’ गाळू नका.