सोसायटीचा चेक दुरुस्तीवर सही करूनही परत आला. उरलेले दोन कसे द्यावेत?

बी_विंग_खजिनदार

गृहनिर्माण संस्थेच्या रंगकामाचे २,७०,००० रुपये कंत्राटदाराला ९०,००० च्या तीन चेकने द्यायचे ठरले आहे. पहिला चेक मराठीत लिहिला. अक्षरी रकमेत चुकून 'नऊ हजार' पडलं, ते खोडून 'नव्वद हजार' केलं आणि शेजारी सचिव व खजिनदार दोघांच्या सह्या केल्या. तरी क्लिअरिंगमधून परत आला. कंत्राटदार म्हणतो मराठीत लिहिल्यामुळे. समितीतले काहीजण म्हणतात, सही असली की दुरुस्ती चालते. नेमकं काय? उरलेले दोन चेक पुढच्या तारखा टाकून आत्ताच देऊन टाकावेत का? शिवाय पतसंस्थेत त्याचं खातं आहे, चेक तिथे लावू का असंही तो विचारतोय.

क्लिअरिंग_डेस्क

मराठीचा काही संबंध नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार चेक इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या राज्याच्या भाषेत लिहिता येतो. राष्ट्रीय दिनदर्शिकेप्रमाणे शके तारीख हिंदीत टाकलेला चेकसुद्धा, बाकी सगळं बरोबर असेल तर, बँकेने स्वीकारायचा असतो. पुढचे दोनही खुशाल मराठीत लिहा.

चेक परत आला तो खाडाखोडीमुळे. पूर्वी चेकचा कागदच तुमच्या बँकेत यायचा. आता सीटीएसमध्ये, म्हणजे चेकच्या प्रतिमेवर चालणाऱ्या क्लिअरिंगमध्ये, कागद कंत्राटदाराच्या बँकेतच राहतो आणि पुढच्या-मागच्या बाजूंच्या प्रतिमा तेवढ्या जातात. खोडलेल्या जागी शाई वेगळी आहे का, कागद खरवडलाय का, हे प्रतिमेवरून ठरवता येत नाही. म्हणून नाव, आकडी रक्कम, अक्षरी रक्कम यांत कसलीही दुरुस्ती चालत नाही, सही असली तरी. सूट आहे ती फक्त मुदत वाढवण्यासाठी तारीख बदलण्याला. समितीतली मंडळी सांगतात तो जुना रिवाज. ही मनाई प्रतिमेवर चालणाऱ्या क्लिअरिंगपुरती आहे, त्यामुळे स्वतःच्या शाखेत काउंटरवर रोख काढताना दुरुस्त चेक चाललेला कोणी पाहिला असेल, आणि गैरसमज तिथूनच होतो.

न खोडता तसाच दिला असता तर? १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १८ प्रमाणे आकडा आणि अक्षर जुळत नसतील तर अक्षरी रक्कम खरी, म्हणजे कायद्याने तो चेक नऊ हजारांचा. प्रत्यक्षात बँका असा चेक सहसा परतच करतात.

नवा चेक लिहिताना गडद शाई वापरा. नाव डाव्या टोकापासून सुरू करा आणि उरलेल्या जागेवर रेघ मारा. रक्कम 'नव्वद हजार फक्त' अशी लिहा, आकड्याच्या आधी-नंतर जागा सोडू नका. 'धारकास' हा छापील शब्द खोडा, ती दुरुस्ती धरली जात नाही. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा आणि मध्ये 'अकाउंट पेयी'. संस्थेचा शिक्का तारीख, नाव, रक्कम किंवा सही यांवर येऊ देऊ नका. तळाच्या पांढऱ्या पट्टीवर चेक क्रमांक, नऊ आकडी एमआयसीआर कोड वगैरे यंत्राने वाचायचं असतं, तिथे पेन टेकवायचंच नाही.

रक्कम ५०,००० च्या वर आहे, म्हणून पॉझिटिव्ह पेमध्ये, म्हणजे चेकचा तपशील बँकेला आधीच कळवायच्या सोयीत, चेक क्रमांक, तारीख, नाव आणि रक्कम भरा. ५ लाखांपासून बँक ते सक्तीचं करू शकते, काही बँकांनी मर्यादा त्याहूनही खाली ठेवली आहे; तुमच्या शाखेत विचारा. चेक हातात देतानाच भरून टाका. ४ ऑक्टोबर २०२५ पासून क्लिअरिंग दिवसभर चालू असतं, सकाळी लावलेला चेक त्याच दिवशी वटतो. 'संध्याकाळी पैसे भरू' हा हिशेब आता जमत नाही.

नोटीस_ते_निकाल

पुढच्या तारखांचे चेक देण्याबद्दल. देता येतात, तारखेआधी बँक पैसे देणार नाही, आणि मुदत चेकवरच्या तारखेपासून ३ महिने. तरी माझं स्पष्ट मत: काम पूर्ण व्हायच्या आधी देऊ नका.

कारण, काम वाईट झालं म्हणून नंतर 'स्टॉप पेमेंट' केलं, म्हणजे बँकेला चेक वटवू नका असं कळवलं, तरी त्याच कायद्याचं कलम १३८ (चेक न वटण्याचा गुन्हा) टळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोदी सिमेंट्स प्रकरणात १९९८ मध्येच हे सांगितलंय. देणं नव्हतंच, हे मग तुम्हाला सिद्ध करावं लागतं. चेक न वटल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत कंत्राटदार लेखी नोटीस देऊ शकतो. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १४१ मुळे संस्थेबरोबर सही करणारे पदाधिकारीही आरोपी होतात. संस्था वेगळी, मी वेगळा, असं म्हणून सुटता येत नाही.

आणखी एक. मधल्या काळात त्याला काही रक्कम यूपीआयने दिलीत तर जुना ९०,००० चा चेक परत घ्या आणि उरलेल्या रकमेचा नवा द्या. अंशतः पैसे मिळाल्यावर त्याची नोंद चेकवर न करता तो पूर्ण रकमेसाठी लावला, तर कलम १३८ लागू होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ठरवलं आहे. पण ते कोर्टात. बँक चेक पाहते, तुमचा हिशेब नाही, आणि खात्यात पैसे असतील तर पूर्ण रक्कम जाते.

पतसंस्था_हिशेब

पतसंस्थेचं उत्तर थोडक्यात. अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात जमा व्हायला हवा. सहकारी पतसंस्थांना असा चेक आपल्या बँक खात्यात जमा करून घ्यायची रिझर्व्ह बँकेने दिलेली सवलत ५०,००० रुपयांपर्यंतच्या चेकपुरती आहे, तीही चेक पतसंस्थेच्याच सभासदाच्या नावाचा असेल तर. ९०,००० चा बसत नाही. 'अकाउंट पेयी' खोडून देण्याचा आग्रह झाला तर अजिबात ऐकू नका. त्याच्या बँकेतल्या खात्यावरच द्या.

बी_विंग_खजिनदार

आभार. परत आलेल्या चेकचं काय करायचं? आणि पुढच्या महिन्यात समितीची निवडणूक आहे, त्याने काही फरक पडतो का?

क्लिअरिंग_डेस्क

परत आलेला मूळ चेक आणि रिटर्न मेमो (परत येण्याचं कारण लिहिलेली बँकेची चिठ्ठी) कंत्राटदाराला त्याच्या बँकेकडून मिळतो. तो मूळ चेक हातात आल्याशिवाय नवा देऊ नका. आल्यावर त्यावर आडवं 'रद्द' लिहा, सहीचा भाग फाडा आणि व्हाउचरला जोडून ठेवा, लेखापरीक्षक मागेल.

निवडणुकीने फरक पडतो. बँक चेक आल्या दिवशी तिच्याकडे नोंदलेल्या सह्या पाहते. नव्या समितीचा ठराव आणि सह्यांचे नमुने शाखेत गेले, की जुन्या पदाधिकाऱ्यांनी सही केलेला पुढच्या तारखेचा चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत येऊ शकतो. तेव्हा उरलेले दोन्ही चेक नव्या समितीच्या सह्या नोंदल्यानंतर, त्या-त्या टप्प्याचं काम तपासून, त्याच दिवशीची तारीख टाकून द्या.