नागपूरच्या क्लबला चेंडू पाठवायचे का?

प्रेषक: क्रीडा समिती
विषय: नागपूरच्या फुटबॉल क्लबला मदत

नमस्कार मंडळी,

आपल्या इथल्या, परदेशातल्या मंडळाच्या उन्हाळी स्पर्धेचे पैसे उरले आहेत. त्यातून नागपूरच्या एका हौशी क्लबला ३० चेंडू आणि जर्सींचे दोन संच पाठवावेत असं समितीत ठरत आहे. शिवाय आपल्यातली पाच-सहा मुलं (वय १६ ते २०) डिसेंबर-जानेवारीत सहा आठवडे आजोळी नागपूरला असतील. त्यांना तिथल्या लीगमध्ये खेळता येईल का? नेटवर नागपूर आणि फुटबॉल शोधलं की स्लम सॉकर (झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलमधून काम करणारी संस्था) सापडतं, पण मदत द्यायची आहे ती लीग खेळणाऱ्या साध्या क्लबला. या ईमेल यादीवर नागपूरकर आहेत, त्यांनी नेमकं सांगावं.

---

प्रेषक: क्लबचे सचिव, नागपूर
विषय: उत्तर: नागपूरच्या फुटबॉल क्लबला मदत

ताई,

स्लम सॉकर विजय बारसे सरांनी २००१ मध्ये सुरू केलं. त्यांचं काम मोठं आहे, पण वेगळं आहे. लीग क्लबाचा संसार निराळा.

आधी चेंडूचं. क्लबात चेंडू कमी नसतात जी, लवकर मरतात. काऊन मरतात ते पहा. मुरमाच्या मैदानावर शिवलेल्या चेंडूचा वरचा थर महिन्याभरात खरवडतो, म्हणून सरावाला मोल्डेड रबरी चेंडू आणि शिवलेला फक्त सामन्याला. कोरडी सुई घातली की व्हॉल्व्ह फाटतो. सुईला ग्लिसरीनचा थेंब लावायचा, तेही नसलं तर थुंकी. आणि तिसरं म्हणजे टिनाची खोली. १५ अंशांवर ०.८ ॲटमॉस्फिअर दाबाने भरलेला चेंडू ४५ अंशांच्या खोलीत १.० च्या आसपास जातो. नियमात ०.६ ते १.१ बसतं, म्हणजे सकाळीच कोणी टणक भरून ठेवला असेल तर दुपारी शिवण सुटते. मोसम संपला की चेंडू अर्धे रिकामे करून घरात, सावलीत ठेवायचे. दाब पाहायचा गेज क्लबात एकच असतो आणि तो हरवलेला असतो. तो पाठवला तर तीस चेंडूंपेक्षा जास्त उपयोग होईल. (पाठवण्यात कायद्याची अडचण आहे म्हणतात, ते कोषाध्यक्ष दादा सांगतील.)

खरा पैसा जातो मैदानावर. इकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसात ती फुगते आणि बुटाला चिकटून प्रत्येक पाय किलोभराचा होतो. ओल्या काळ्या मातीवर एक सामना खेळला की पावलांचे ठसे वाळून दगड होतात आणि पुढचे दोन महिने घोटे मुरगळत राहतात. म्हणून सकाळी मैदानाच्या मधली माती मुठीत दाबून पहायची. गोळा होऊन हाताला चिकटली तर सराव बंद, मग पोरं कितीही ओरडू देत. दाबल्यावर गोळा झाला पण टिचकीने फुटला, तर हलका रोलर फिरवायची तीच वेळ. मे महिन्यात भेगांत बारीक मुरूम आणि वाळू ठोकून भरायची. नुसती माती भरली तर पहिल्या पावसात ती खाली बसते आणि खड्डा पुन्हा तिथेच.

आखणीचा हिशेब: १०० बाय ६४ मीटरचं मैदान धरा. बाहेरच्या रेषा ३२८, मधली रेषा ६४, मधलं वर्तुळ ५७.५, दोन्ही पेनल्टी क्षेत्रं मिळून १४७, दोन्ही गोल क्षेत्रं ५९, पेनल्टी क्षेत्रावरचे दोन कमानी तुकडे ३४ आणि कोपरे ६. सगळं मिळून ७०० मीटरला थोडंच कमी. रेषा १० सेंटिमीटर रुंद ठेवली आणि थर मिलिमीटरभर पडला, तर २५ किलोच्या दोन गोण्या फक्की एका आखणीला लागते. फक्की म्हणजे खडूची पूड. कळीचा चुना आणू नका. तो ओलाव्याने तापतो, गुडघा घासला की भाजतो आणि डोळ्यात गेला तर थेट दवाखाना.

काटकोन डोळ्याने धरू नका. कोपऱ्यावर खुंटी ठोकून ९ आणि १२ मीटर मोजा, तिरकं बरोबर १५ आलं पाहिजे. शेवटी दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ११८.७३ आले तरच दोरी सोडा. एका बाजूला हातभर फरक राहिला तर पेनल्टी क्षेत्र वाकडं येतं, आणि ते सगळ्यात आधी दिसतं समोरच्या संघाच्या मॅनेजरला.

पाण्याचंही गणित तसंच. एवढ्या मैदानावर १ मिलिमीटर ओल म्हणजे ६४०० लिटर. ५००० लिटरच्या टँकरने पूर्ण मैदान भिजत नाही, तरी लोक सगळीकडे थोडं थोडं शिंपडत राहतात. दोन्ही गोलांसमोर आणि मध्यभागी मारा, सामन्याच्या तीन तास आधी. अर्धा तास आधी मारलं तर धूळ बसते, पण गोलकीपर घसरतो.

---

प्रेषक: माजी कोषाध्यक्ष
विषय: उत्तर: उत्तर: मदत (पैसे पाठवण्याआधी वाचा)

> ३० चेंडू आणि जर्सींचे दोन संच पाठवावेत

थांबा. मंडळ परदेशात नोंदलेलं आहे, म्हणजे भारतीय कायद्याच्या भाषेत आपण 'विदेशी स्रोत'. विदेशी अंशदान कायदा २०१० नुसार नागपूरच्या संस्थेला मंडळाने दिलेली रोख असो की संस्थेच्या नावाने दिलेली वस्तू, दोन्ही विदेशी अंशदानच. क्लब सोसायटी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला असला तरी तेवढ्याने ते घेता येत नाही. त्यासाठी वेगळी नोंदणी किंवा त्या एका देणगीपुरती पूर्वपरवानगी लागते. नोंदणीला संस्था किमान तीन वर्षांची हवी आणि त्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. एवढा व्याप हौशी क्लबाच्या आवाक्यातला नाही.

मग काय करता येतं? ज्या सभासदांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून, स्वतःच्या खात्यावरून, बँकेमार्फत क्लबला देणगी दिली तर ती विदेशी अंशदानात धरली जात नाही. सोबत पासपोर्टची प्रत द्या, क्लबाच्या ऑडिटला लागते. ओसीआय कार्डवाल्यांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना) ही सवलत नाही, कारण पासपोर्ट परदेशी आहे. आणि सगळ्यांचे पैसे मंडळाच्या खात्यात जमा करून एकरकमी पाठवू नका. तसं केलं की ती देणगी मंडळाची झाली. ही चूक भल्या मनाने होते आणि नोटीस मात्र क्लबाच्या सचिवाला येते.

मुलं सरावाला जाणार असतील तर त्यांनी इतर मुलांइतकीच फी भरून पावती घ्यावी. ती घेतलेल्या शिकवणीची किंमत आहे. तिच्या आडून देणगी मात्र घुसवू नका.

---

प्रेषक: रेफरी
विषय: मुलांना खेळवणं

मुलांबद्दल. सरळ उत्तर: लीगमध्ये नाही, सरावात आणि आपसातल्या सामन्यात हो.

लीगचा प्रत्येक खेळाडू अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय ऑनलाइन नोंदणीत लागतो. तिकडे एखाद्या क्लबात नोंद असलेला मुलगा इथे नोंदवायचा तर आंतरराष्ट्रीय हस्तांतर प्रमाणपत्र लागतं, ते दोन्ही देशांच्या संघटनांमधून फिरून येतं. वयाच्या १० व्या वर्षापासून ते सक्तीचं आहे, हौशी खेळाडूलाही, आणि भारतीय पासपोर्ट असला तरीही. परत गेल्यावर तेच उलट दिशेने. सहा आठवड्यांसाठी हा खेळ परवडत नाही. १८ वर्षांखालच्यांना तर फिफाच्या नियमाने देशाबाहेर हस्तांतरच बंद आहे. जे अपवाद आहेत त्यांत 'सुट्टीत आजीकडे' बसत नाही.

कोणाच्या तरी नावावर खेळवून घेऊ, असं म्हणणारे भेटतील. नकार द्या. सामनापत्रिकेवर फोटो-ओळखपत्र ताडून पाहिलं जातं. समोरच्या संघाने लेखी तक्रार केली की सामना हातचा जातो आणि ज्याचं नाव वापरलं त्या मुलाचा मोसम संपतो.

इथल्या स्थानिक मुलांची नोंदणीही बहुतेक एकाच ठिकाणी अडते. जन्मदाखला आणि आधारवरची तारीख जुळत नाही, किंवा एकावर वडिलांचं नाव मधे आहे आणि दुसऱ्यावर नाही. हे मे महिन्यात दुरुस्त करायचं काम असतं, लीगच्या आदल्या आठवड्यात नाही. क्लबात जो मुलगा कागद नीट लावतो त्याला स्ट्रायकरइतका मान द्या.

मुलांनी सोबत आणायचं ते: रबरी, आखूड आणि जास्त स्टडवाले (तळाला उंचवटे असलेले) बूट. तिकडच्या गवताचे लांब स्टड इथल्या मुरमावर रुतत नाहीत. सगळा भार मोजक्या टोकांवर येतो आणि आठवड्यात टाचा धरतात. शिनगार्ड (नडगीचं कवच) आणि ते पूर्ण झाकणारे मोजे. कडं, बाळी, गळ्यातलं लॉकेट घरी ठेवा. टेप लावून झाकलं तरी नियमाने चालत नाही, आणि "आईने घातलंय" हे मैदानावर रोज ऐकू येतं. डोक्याला मार बसून मुलगा क्षणभर जरी भांबावला तरी त्या दिवशी पुन्हा आत नाही, मग तो स्वतः काहीही म्हणो. प्रवास विम्यात संघटित खेळ वगळलेला आहे का, ते निघण्याआधी पाहा.

वेळेचं गणित: डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. ४५-४५ मिनिटं, मधे पंधरा, वर दुखापतींचा वेळ, म्हणजे दोन तास धरा. दिव्याविना मैदानावर साडेतीन ही शेवटची सुरुवात. चारला सुरू केलेल्या सामन्याचा निकाल अंधारात लागतो आणि भांडण उजेडात. ऑक्टोबरच्या उन्हात प्रत्येक अर्ध्यात पाण्यासाठी एक मिनिट थांबता येतं. फार तापलं असेल तर दीड ते तीन मिनिटांचा गारव्याचा थांबा देता येतो, मात्र हे दोन्ही थांबे स्पर्धेच्या नियमांत आधी लिहिलेले हवेत. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला. कमी पाण्यात "कडक" केलेलं पोटाला बाधतं.

---

प्रेषक: सांस्कृतिक समिती
विषय: उत्तर: मुलांना खेळवणं (आणि पोहे)

रेफरीभाऊंनी घड्याळ सांगितलं, मी पंचांग सांगते. लीगच्या तारखा संघटना ठरवते, पण क्लबाने आपले मैत्रीपूर्ण सामने आणि जेवणं ठरवताना हे दिवस आधी खोडावेत.

पोळ्याचा दुसरा दिवस: मारबत-बडग्याची मिरवणूक. इतवारी-महालातला एकही खेळाडू येत नाही, आणि आला तरी रस्ता सापडत नाही. दसरा: दीक्षाभूमीला लाखोंनी लोक येतात, त्या बाजूच्या मैदानांवर सामना ठेवू नका. डिसेंबर: हिवाळी अधिवेशन. यशवंत स्टेडियम आणि सीताबर्डीच्या बाजूला मोर्चे आणि बंदोबस्त असतो, म्हणून कामठीहून येणाऱ्या संघाला तासभर आधी निघायला सांगा. रमजान: तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, २०२७ मध्ये फेब्रुवारीत येईल. मोमिनपुरा-कामठीची मुलं संघात असताना त्या महिन्यात दुपारी साडेतीनचा सामना ठेवणं म्हणजे अडाणीपणा. सकाळी सातला ठेवा.

मध्यंतराला संत्री द्यायची तर आंबिया बहाराची नोव्हेंबर-डिसेंबरात मिळतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. मधल्या जानेवारीत महाग आणि आंबट, तेव्हा केळी आणा. फाका सोलून, बिया काढून परातीत ठेवा. पंधरा मिनिटांत कोणी सोलत बसत नाही आणि सालं मैदानात पडतात.

रविवारच्या सरावानंतर तर्री पोहे. चाळीस जणांना ३ किलो जाड पोहे, दीड किलो काळे हरभरे (रात्रीच भिजवायचे, भिजवायला विसरलेले हरभरे सकाळी कुकरच्या दहा शिट्ट्यांनीही कडकच राहतात). पोहे पाण्यातून काढून चाळणीत निथळायचे, आणि मुलं मैदानातून निघाली की मगच फोडणीत टाकायचे. आधी करून झाकले की गिचका होतो. तर्री वेगळ्या भांड्यात, वर तेलाचा तवंग दिसला पाहिजे, पण बारा वर्षांखालच्यांना अर्धीच पळी. मोसमाच्या शेवटचं जेवण सावजी असतं. त्यात शाकाहारींसाठी पाटवडीचा रस्सा वेगळ्या पातेल्यात आणि वेगळ्या पळीने ठेवला तर निम्मे वाद आधीच मिटतात. या जेवणाची वर्गणी मोसमाच्या सुरुवातीलाच घ्या. हरल्यावर कोणी देत नाही, जिंकल्यावर सगळे "पुढच्या रविवारी" म्हणतात.

---

प्रेषक: क्रीडा समिती
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: मदत

समजलं. मंडळाच्या खात्यातून काही जाणार नाही, चेंडूही नाहीत. भारतीय पासपोर्टवाले चौघे जण आपापल्या खात्यातून क्लबला देतील, पासपोर्टच्या प्रतीसह. मुलं फी भरून सरावाला येतील. सचिवभाऊ, तो पैसा कशावर लागावा ते क्रमाने सांगा.

---

प्रेषक: क्लबचे सचिव, नागपूर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: मदत

पहिलं, दोन्ही उचलून हलवता येणाऱ्या गोलांना मागून वाळूच्या पिशव्या आणि जमिनीत ठोकायचे लोखंडी हूक. रिकामा गोल वाऱ्याने किंवा लटकणाऱ्या पोराच्या वजनाने उलटतो आणि त्याखाली लहान पोरगंच सापडतं. दुसरं, मे महिन्यातला मुरूम. तिसरं, मोसमभराची फक्की आणि १०० मीटरचा पोलादी टेप. कापडी टेप ओला झाला की ताणतो आणि कर्ण कधीच जुळत नाही. चौथं, प्रथमोपचाराची पेटी आणि बर्फाचा डबा.

गेज राहिलाच. तो आम्ही इथेच घेतो. पोरांना म्हणावं, पहिल्या दिवशी सकाळी साडेसहाला या, स्वेटर घालून. आणि हो, पहिले दोन दिवस बुटं नको, सपाट जोडे चालतील. त्यांना आखणीला लावतो.