आमदारांनी आरोग्यासाठी 'मत दिलं' म्हणजे नेमकं काय दिलं?

शनिवारपेठकर

काल इथे एकांनी आपल्या आमदारांचा फोटो टाकून लिहिलं, "साहेबांनी पाच वर्षांत आरोग्याच्या प्रत्येक मागणीच्या बाजूने मतदान केलंय. आधी रेकॉर्ड तपासा, मग बोला." खाली अंगठ्यांचा ढीग. वाचून सोडून देणार होतो, पण राहवलं नाही.

कुठलं रेकॉर्ड तपासायचं? खात्याची मागणी, म्हणजे त्या खात्याच्या वर्षभराच्या खर्चाला मंजुरी मागणारा सरकारचा प्रस्ताव, मताला टाकली की अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं. बाकांवरून आवाज येतो, होयचं बहुमत जाहीर होतं आणि हजारो कोटी मंजूर होतात. होय कोण म्हणालं, कोण गप्प बसलं, कोण त्या वेळी सभागृहातच नव्हतं, याची कुठेही नोंद नसते. नावानिशी नोंद हवी असेल तर कुणीतरी मतविभाजन मागावं लागतं, आणि अनुदानाच्या मागण्यांवर ते क्वचितच मागितलं जातं. चर्चेचे दिवस संपले की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेशिवायच मताला टाकतात, ते वेगळंच.

बरं, नोंद असती तरी काय? १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे. पक्षादेश (व्हिप) निघाल्यावर विरोधात मत दिलं किंवा न विचारता गैरहजर राहिलं आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं नाही, तर आमदारकी जाऊ शकते. म्हणजे ते मत पक्षाचं, साहेबांचं नव्हे. शिवाय राज्यघटनेच्या २०३ व्या कलमाप्रमाणे विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू शकत नाही. आरोग्याला जास्त पैसे मिळावेत म्हणून मत देण्याची सोयच नाही!

आमदाराचं स्वतःचं नाव लागतं ते प्रश्नाला, तातडीच्या विषयावरच्या लक्षवेधीला, मागणीतली रक्कम कमी करा म्हणणाऱ्या कपात सूचनेला. विधानमंडळाच्या संकेतस्थळावर प्रश्नोत्तरांच्या याद्या आहेत. मी शोधल्या. पार्किंगवर आहे, मेट्रोवर आहे, रस्त्यांवर तर भरपूर आहे. औंधच्या जिल्हा रुग्णालयावर, ससूनवर एक ओळ मला सापडली नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना २०२० पर्यंत अंदाजपत्रकाच्या ८ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं. आपलं राज्य त्याच्या बरंच खाली आहे. त्यावर साहेब कधी बोलले असतील तर तारीख द्या, मी इथेच जाहीर कौतुक करीन.

गाडीतळ

ती पोस्ट माझीच होती. कलमं पाठ आहेत तुमची, मान्य. माझ्या वडिलांना रात्री दोन वाजता छातीत कळ आली तेव्हा कुठलं कलम धावून आलं नाही. हॉस्पिटल म्हणालं आधी अनामत भरा. मी साहेबांच्या ऑफिसातल्या मुलाला फोन लावला. त्याने उचलला. पंधरा मिनिटांत वडील आत. पुढे सहायता निधीचा अर्जही त्याच पोराने भरून दिला, कागद कमी पडले तर घरी येऊन घेऊन गेला. वडील आज सकाळी फिरायला गेलेत. माझ्यासाठी हेच रेकॉर्ड. ज्यांच्या घरात मेडिक्लेमची पॉलिसी आहे त्यांना कपात सूचना आठवतात.

शनिवारपेठकर

वडील बरे आहेत हे वाचून मनापासून आनंद झाला. पण त्या रात्री तुमच्या शेजारच्या खुर्चीत ज्याच्याकडे नंबर नव्हता असा माणूस असेल, त्याचं काय झालं? फोन करावा लागला हीच तर तक्रार आहे. आणि माझ्या घरात पॉलिसी आहे की नाही हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा त्यात शिरू नका.

विश्रांतवाडी

अनामतीचा विषय निघालाच आहे तर मूळ दुखणं बोला. ते हॉस्पिटल धर्मादाय होतं का? असेल तर फोनची गरजच काय? सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचं ४१ कक कलम आणि उच्च न्यायालयाने घालून दिलेली योजना २००६ पासून लागू आहे. दहा टक्के खाटा निर्धनांना मोफत, दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी एकूण बिलाच्या दोन टक्के वेगळे काढून ठेवायचे. तातडीचा रुग्ण असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, निर्धनाकडून अनामत मागायचीच नाही. हे सगळं लिहिलेलं आहे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. माझ्या मेव्हण्याला अपघातानंतर शहरातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयात नेलं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पिवळं रेशनकार्ड, आधार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. समाजसेवा विभागाच्या टेबलावरच्या बाईंनी पिशवी उघडलीही नाही. "आज खाट शिल्लक नाही." मागे भिंतीवर बोर्ड, त्यावर खडूने लिहिलेलं: शिल्लक खाटा ७. मी बोटाने दाखवला तर म्हणाल्या, तो कालचा आहे. मग कुणाच्या तरी ओळखीने आमदाराचं पत्र आलं आणि अर्ध्या तासात खाट निघाली. आमदार बदलले, पक्ष बदलले, ही पद्धत बदलली नाही. खाट हक्काची, पण ती मिळाली की आभार आमदाराचे मानायचे. मग ती पद्धत मोडायला सभागृहात कोण उभं राहील?

गाडीतळ

म्हणजे पत्र देणारा चोर आणि न देणारा साधू? पत्र नसतं दिलं तर मेव्हणा कुठे असता, सांगा की.

कोथरूडची वहिनी

विश्रांतवाडी, एकच बाजू सांगू नका. मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये बरीच वर्षं काम केलंय. गळ्यात चेन, खाली मोठी गाडी आणि हातात निर्धन असल्याचा दाखला, असे लोक मी स्वतः पाहिलेत. सोबत लेटरहेड. ते पत्र नाकारलं की संध्याकाळी कार्यकर्ते स्वागतकक्षात. दोन टक्क्यांचा निधी काही महिन्यांत संपतो, पुढचा खर्च रुग्णालय कुठून काढणार? परिचारिकांच्या पगारातून? आणि खऱ्या गरिबाला खाट न मिळण्याचं एक कारण म्हणजे ती आधीच पत्रवाल्याला गेलेली असते.

विश्रांतवाडी

सवलतीची जमीन घेताना, करात सूट घेताना कुठून काढणार हा प्रश्न पडत नाही! दाखला खोटा असेल तर तहसीलदाराला विचारा. खोट्याच्या नावाखाली खऱ्याला हाकलायचं हे तुमच्या बिलिंगचं जुनं तंत्र आहे. मेव्हणा स्ट्रेचरवर होता, वहिनी. त्याच्या गळ्यात चेन नव्हती.

कोथरूडची वहिनी

माझ्यावर घसरू नका. स्ट्रेचरवरच्या माणसाला मी कधी हाकललेलं नाही. रात्री अकराला बिल कमी करून आणायला वरच्या मजल्यावर मीच जायचे, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्लीत.

किरकटवाडी

तुमचं खाटांचं चाललंय. आमच्याकडे जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस (हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) आला तेव्हा किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी, सगळा सिंहगड रोड घाबरून गेला होता. आमच्या सोसायटीतला मुलगा सकाळी उठला तर पाय उचलेनात, दोन दिवसांनी व्हेंटिलेटरवर. इंजेक्शनं इतकी महाग की बापाने गाडी विकायला काढली. नंतर मोफत उपचारांची घोषणा झाली, सगळे पुढारी फोटोला आले. पण रोग कशाने आला? मुख्य संशय दूषित पाण्यावरच! २०२१ मध्ये गाव महापालिकेत घेतलं, कर घेतला, शुद्ध केलेलं पाणी दिलं नाही. आधी नळाला धड पाणी द्या, मग आयसीयूच्या गप्पा. आरोग्यावरचा खर्च म्हणजे फक्त हॉस्पिटल, असं कुणी ठरवलं?

गाडीतळ

पाणी महापालिकेचं काम. तेही आमदाराच्या माथी?

किरकटवाडी

मार्च २०२२ नंतर महापालिकेत वर्षानुवर्षं प्रशासकच बसला होता. नगरसेवक नाही, महापौर नाही. मग आम्ही कुणाच्या दारात जायचं? नारळ फोडायला आमदार होतेच ना आमच्या वॉर्डात?

निवृत्त सिस्टर

सगळं वाचलं. तुम्ही भांडताय ते खासगी खाटेवर. मी सरकारी वॉर्डात आयुष्य काढलं, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पहिली. गाडीतळ, तुमच्या साहेबांनी आरोग्य खात्याच्या मागणीला होय म्हटलं असेलही. पण ससून त्या खात्यात नाहीच! ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहे. औंधचं जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. कमला नेहरू महापालिकेचं, वायसीएम पिंपरी-चिंचवडचं. पुण्यातला गरीब माणूस सगळ्यात जास्त जातो ससूनला, आणि पोस्टमध्ये त्या विभागाचं नावही नाही.

दुसरी. मंजूर झालेला पैसा आणि वॉर्डात आलेला पैसा यांत फार अंतर असतं. अंदाजपत्रकात आकडा असतो, पण बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी सोडला जात नाही तोवर कार्यालयातला लिपिक काही करू शकत नाही. डिसेंबरात विचारलं तर "अजून आला नाही." मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि घाईघाईत जे मिळेल ते घेतलं जातं, नाहीतर परत जातो. मधल्या काळात आम्ही नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी द्यायचो: कॅन्युला, सलाईनचा सेट, युरोबॅग, हातमोजे. बाहेरून आणा. शेतमजूर बाई ती चिठ्ठी हातात धरून उभी राहायची आणि विचारायची, यातलं एखादं नाही आणलं तर चालेल का? मी काय उत्तर देणार? कधी शेजारच्या पेशंटचे उरलेले हातमोजे वापरले, कधी स्वतःच्या पैशाने कॅन्युला आणला. सगळ्याच सिस्टर करायच्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तेव्हाही निधी मंजूरच होता. औषधखरेदी आणि रिक्त जागा, बोट तिथेच जातं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही डॉक्टर-परिचारिकांच्या रिकाम्या जागांवर बोट ठेवलंय. साठ पेशंटांना रात्री एक सिस्टर असते हे सभागृहात किती जणांनी सांगितलंय?

गाडीतळ

सिस्टर, तुमच्याशी मी वाद घालणार नाही. वडिलांच्या वेळी वॉर्डात सिस्टरच होत्या. पण साहेबांनी आमदार निधीतून दोन रुग्णवाहिका दिल्या, त्या तरी खऱ्या आहेत ना?

निवृत्त सिस्टर

खऱ्या आहेत. पण आमदार निधीतून वस्तू घेता येते, बांधकाम करता येतं, पगार देता येत नाही. ड्रायव्हर आणि डिझेल कुणाचं, ते विचारून ठेवा. आमच्याकडे एक नवी गाडी ड्रायव्हरचं पद भरलं नाही म्हणून ताडपत्रीखाली उभी होती.

शनिवारपेठकर

सिस्टर, ससूनच्या विभागाचा मुद्दा माझ्या लेखात यायला हवा होता. गाडीतळ, आता तरी "मतदानाचं रेकॉर्ड" हे शब्द पोस्टमधून काढा. "साहेबांच्या ऑफिसने आमच्या घरी मदत केली" असं लिहा, मी स्वतः अंगठा देतो.

गाडीतळ

काढतो. तुमच्या कलमांमुळे नाही, सिस्टरच्या चिठ्ठीमुळे. फोनबद्दल जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. आणि तुम्ही दुसऱ्या पक्षाचे आहात असं मला अजूनही वाटतं.

शनिवारपेठकर

वाटू द्या. रविवारी संपर्क कार्यालय उघडं असतं, तिथे लेखी प्रश्न घेऊन जाऊया. पुढच्या अधिवेशनात तारांकित म्हणून, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यावं असा प्रश्न म्हणून टाका, एवढंच मागायचं. तुमची ओळख आहे, तुम्ही पुढे व्हा.

गाडीतळ

अकरा वाजता. उशीर करू नका, साडेअकराला ते लग्नाला निघतात.

निवृत्त सिस्टर

औंधसाठी मंजूर पदं किती, भरलेली किती, औषधांचा निधी बीम्सवर कोणत्या तारखेला आला, एवढंच विचारा. लांबलचक लिहिलंत की उत्तरात "प्रश्न उद्भवत नाही" येतं. ससूनचा प्रश्न वेगळ्या कागदावर, वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना.

विश्रांतवाडी

त्यातच धर्मादाय खाटाही घाला. पुण्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या रोजच्या शिल्लक खाटा, तारखेसह.

किरकटवाडी

आणि पाणी!

निवृत्त सिस्टर

एकत्र घालू नका, एक खातं दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळं होतं. धर्मादाय आयुक्त विधी व न्याय विभागाकडे येतात, तो तिसरा कागद. पाणी नगरविकासकडे, तो चौथा. वहिनी, पत्रावर किती खाटा गेल्या तेही तिसऱ्या कागदात विचारायचं असेल तर शब्द तुम्ही लिहून द्या, तुम्हाला रजिस्टरचे रकाने माहीत आहेत.

कोथरूडची वहिनी

देते. पण विश्रांतवाडींनी त्यात फेरफार करायचा नाही.