मदत हवी आहे: कुळागरात सापडलेली ही पितळी वस्तू कसली?

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यात आमचं आजोबांचं जुनं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची बाग, आहे. पाण्याची पाइपलाइन नेमकी कुठून जाते ते कळेना, म्हणून मित्राचं मेटल डिटेक्टर आणलं. पाइप राहिली बाजूला. पोफळीच्या मुळाशी, वीतभर खोलीवर दोन वस्तू मिळाल्या.

एक ओळखता आली: तांब्याचं नाणं, त्यावर 'इंडिया पोर्तुगेझा', 'क्वार्तो द तांगा' आणि 1881. म्हणजे पाव तांगा, सोळा तांग्यांचा एक रुपया असायचा त्या काळातला.

दुसरी मात्र काही केल्या उलगडत नाही. पितळेची, अंगठ्याएवढी, आतून पोकळ. एका टोकाला कडी, दुसऱ्या टोकाला आत गेलेले आटे. कडीचा आतला भाग एका बाजूने घासून पातळ झालाय, म्हणजे ती बरीच वर्षं कशाला तरी लोंबकळत होती. मधोमध तीन बारीक रेघा कोरलेल्या. बैलाच्या गळ्यातली घंटा म्हणावी तर लोळी नाही. समईच्या साखळीचा भाग? पालखीचा? देव्हाऱ्यातल्या लामणदिव्याचा?

आई चिंच लावून घासायला निघाली होती, तिला थांबवलं. वरचा थर गेला तर खुणाही जातील.

शिवाय 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या किमतीचं गाडलेलं द्रव्य सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. असं सुटं नाणं कुणी कळवलंय का? काय काय कागद लागले? जुन्या तांबट कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया सांगावं.