मदत हवी आहे: पोलीस खात्यात राहून क्रिमिनल जस्टिसमध्ये मास्टर्स कुठून करावं?

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एपीआय, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक आहे, नोकरीला 11 वर्षं झाली, सध्या तालुक्याच्या ठाण्यात. बीएस्सी झाल्यावर एमपीएससी, मग नाशिकची अकॅडमी आणि पुढचं शिक्षण राहिलं ते राहिलंच. आता मुलगी सहावीत गेलीय, नवरा म्हणतो करायचंच तर आत्ता कर.

डोक्यात हे आलं नव्या कायद्यांमुळे. 1 जुलै 2024 पासून खुनाचं कलम 302 चं 103 झालं, फसवणुकीचं 420 चं 318 झालं, ते पाठ होतं हो. पण बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या) कलम 105 प्रमाणे झडतीचं शूटिंग करायचं म्हटल्यावर माझे हवालदार स्वतःचा मोबाईल काढून उभे, त्यात जागा नाही, मला विचारतात मॅडम नातवाचे व्हिडिओ उडवू का, आणि पंच बाजूला घड्याळ बघतायत! सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिकवाले जागेवर यायला हवेत, बरोबरच आहे, पण ते जिल्ह्याहून पोचेपर्यंत जागा राखायला जो माणूस बसवते त्याची आदल्या दिवशीची रात्रपाळी झालेली असते. गणपतीत साप्ताहिक सुट्ट्या बंद, नंतर आधी कोणाला सोडायचं यावरून दोन अंमलदार दिवाळीपर्यंत एकमेकांशी बोलत नव्हते. हे कुठल्या कलमात बसवू? मला माणसं आणि ठाणं चालवायला शिकायचंय, अजून कायदा नको.

शोधलं तर अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस लीडरशिप अशा नावाच्या ऑनलाइन डिग्र्या दिसल्या, बजेट, मनुष्यबळ, धोरण असे विषय, वाचूनच बरं वाटलं. पण फी डॉलरात, उदाहरणं सगळी तिकडच्या शेरीफची, आणि आपल्याकडे त्या डिग्रीला समकक्षता मिळणार का? केंब्रिजला नोकरीतल्या पोलिसांसाठी पार्ट टाइम मास्टर्स आहे, तो माझ्या खिशाचा आणि रजेचा विषय नाही. इकडे टिस (टाटा समाजविज्ञान संस्था), गांधीनगरजवळचं राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आणि इग्नूचा क्रिमिनल जस्टिसचा पीजी डिप्लोमा (पीजीडीसीजे) एवढंच नजरेत आहे. यातलं कोणी केलंय का? बंदोबस्त सांभाळून अभ्यास होतो का? आणि खात्याची परवानगी आधी घ्यायची की अ‍ॅडमिशन मिळाल्यावर? एका सीनियरना विचारलं तर म्हणाले, डिग्री घेऊन काय प्राध्यापक होणार का.

प्रतिसाद 1

ताई, परवानगी आधी, लेखी, आणि पोचेचा शिक्का घेऊन. आमच्या ऑफिसात एकाने डिग्री आधी घेतली, सेवापुस्तकात नोंद करायला नंतर दोन वर्षं हेलपाटे घातले. इग्नूचा पीजीडीसीजे नोकरीत जमतो पण तो डिप्लोमा आहे, मास्टर्स म्हणून धरू नका. आणि बढती सेवाज्येष्ठतेनेच होणार, त्या आशेने पैसे घालू नका.

प्रतिसाद 2

मी देवनारला टिसमधून क्रिमिनॉलॉजी केलंय. दोन वर्षं फुल टाइम, म्हणजे अध्ययन रजेशिवाय शक्यच नाही, आणि प्रवेश आता सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. लीडरशिप असा पेपर आमच्या वेळी नव्हता. पण फिल्डवर्कला जेलमध्ये पाठवायचे, तिथे जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून बसून राहिलेली माणसं भेटली. तुमच्या अटक पंचनाम्याच्या पुढचं सगळं दिसतं तिथे. बंदोबस्त सांभाळून मात्र विसरा.

धागाकर्ती

दोघांचे खूप आभार. अध्ययन रजेचं डोक्यातच नव्हतं, 1981 चे रजा नियम काढून वाचते. तोवर पीजीडीसीजेचा फॉर्म भरावा असं वाटतंय, निदान अभ्यासाची सवय तरी परत लागेल. परवानगीचा अर्ज घरीच टाईप करतेय, ठाण्यातली लिखापढी बघणाऱ्या रायटरला सांगितला तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या ठाण्यात मॅडम नोकरी सोडतायत अशी बातमी होईल.