परदेशातल्या मिशन शाळेत फक्त एका वर्षासाठी शिकवायला जावं का?

खडूफळा
ऑगस्ट आला की परदेशातल्या मिशनरी शाळांमध्ये नवे शिक्षक बॅगा घेऊन उतरायला लागतात आणि मला दर वर्षी हाच प्रश्न छळतो. मी पूर्व आफ्रिकेतल्या एका बोर्डिंग शाळेत पाच वर्षं शिकवतेय. आमची बहुतेक मुलं मिशनऱ्यांची, आईबाप शेकडो किलोमीटर लांब कुठेतरी दवाखाना नाहीतर मंडळीचं, म्हणजे चर्चचं, काम बघतात आणि मुलं आमच्या हवाली. गेल्या वर्षी पहिल्याच तासाला आठवीतल्या एका मुलीने नव्या सरांना नाव विचारायच्या आधी विचारलं, तुम्ही किती दिवस आहात? सर म्हणाले जुलैपर्यंत. तिने मान हलवली, वही उघडली, संपलं. वर्षभर ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली, आणि सर चांगले होते हो, जीव लावून शिकवायचे.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, ज्याला किमान दोन वर्षं राहता येत नाही त्याने येऊच नये. पहिलं वर्ष तर शिक्षकाच्याच शिकण्यात जातं, अभ्यासक्रम वेगळा, होस्टेलची ड्यूटी, आजारपणं, घरची आठवण. पाचारण आहे, देवाने बोलावलंय म्हणता ना, मग परतीची तारीख आधीच ठरवून कसे येता?

सहावं_वर्ष
ताई, अजिबात पटलं नाही. मी एकाच वर्षासाठी आलो होतो. बाहेरच्यांना माहीत नसतं पण यातल्या बऱ्याच शाळांत पगार नसतो, आपला महिन्याचा खर्च आपणच मंडळ्या, मित्र, नातेवाईक यांच्याकडून सपोर्ट जमवून उभा करायचा असतो. मी २३ वर्षांचा, कुणापुढे हात पसरायची सवय नाही, घरी बहिणीचं शिक्षण चालू, एका वर्षाचे पैसे जमवतानाच दमछाक झाली होती. तेव्हा कुणी दोन वर्षांची अट घातली असती तर मी फॉर्मच भरला नसता. आता सहावं वर्ष सुरू होतंय. आणि बायबलच बघायचं तर थेस्सलनीका शहरातल्या यहुद्यांच्या सभास्थानात प्रेषित पौल तीनच शब्बाथ, म्हणजे तीनच आठवड्यांचे विश्रांतीचे दिवस, बोलला, तरी तिथे मंडळी उभी राहिलीच ना?

खडूफळा
पौलाचं अर्धंच सांगितलंत दादा. तिथून तो मनाने निघाला नव्हता, दंगल झाली म्हणून तिथल्या विश्वासी भावांनी त्याला रातोरात बाहेर काढलं. आणि गेल्यावरही त्याला राहवेना म्हणून आपला सोबती तीमथ्य याला परत पाठवलं, पत्रं लिहिली. जिथे राहता आलं तिथे तो राहिलाच की, करिंथात दीड वर्ष, इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं आणि तेही रोज. तुमच्या सहाव्या वर्षाचा मला मनापासून आनंद आहे. पण तुमच्याबरोबर आलेल्यांपैकी किती जण उरलेत?

सहावं_वर्ष
सात जण आलो होतो. दोघं आहोत.

डोंगरापलीकडून
मी आईच्या बाजूने बोलते. पापुआ न्यू गिनीत आठशेच्या वर भाषा आहेत, त्यातल्या एकीत आम्ही नवरा-बायको बायबलचं भाषांतर करतोय. मुलं मिशनच्या केंद्रावरच्या शाळेत शिकतात. गेल्या वर्षी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला कुणीच नव्हतं, ऑनलाइन शिका म्हणाले, आणि नेटचं तुम्हाला काय सांगू. आमच्या शेजारचं कुटुंब मुलाच्या बारावीपायी मायदेशी परत गेलं, ते ज्या भाषेत काम करत होते तिच्यातलं लूकच्या शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या एका पुस्तकाचं, भाषांतर मधेच थांबलंय, तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी कितीदा विचारलं कधी येणार म्हणून. एका मास्तराअभावी एक अख्खी भाषा थांबली. तुम्ही दोन वर्षांची अट घालाल आणि वर्ग रिकामा राहील, तो रिकामा वर्ग मी पाहिलाय. मला एक वर्षवाला चालेल, सहा महिनेवाला पण चालेल.

माळ्यावरची_पेटी
दोघी-तिघांचं वाचलं पण मूळ मुद्दा राहूनच जातोय असं मला वाटतं. या शाळा काल निघालेल्या नाहीत. केनियातली किजाबेची रिफ्ट व्हॅली अकॅडमी १९०६ची, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९मध्ये तिथल्या इमारतीची कोनशिला बसवली होती. जर्मनीतली ब्लॅक फॉरेस्ट अकॅडमी १९५६ची, मनिलाची फेथ अकॅडमी १९५७ची. इतक्या वर्षांत त्या देशांमध्ये शिकलेले, विश्वासात पक्के शिक्षक तयार झालेत, मग दर ऑगस्टला विमानाने आणलेल्या माणसांच्याच जिवावर वर्ग का चालवायचे? स्थानिक शिक्षक वीस-वीस वर्षं राहतो, त्याचं घरच तिथे असतं. आणि नवीन आलेला माणूस वर्षभर कंपाउंडच्या आतच राहतो, बाजारात दोन वाक्यं बोलता येत नाहीत त्याला. त्याचं एक वर्ष काय आणि दोन काय.

खडूफळा
भाषेचं बोललात ते लागलं, कारण खरं आहे, माझी स्वाहिली पाच वर्षांनंतरही भाजी घेण्यापुरतीच आहे. पण स्थानिक शिक्षकाचं इतकं सोपं नाही. आम्ही सपोर्टवर राहतो, त्याला पगार लागणार, तो फीमधून द्यायचा म्हणजे फी वाढणार आणि ती मिशनरी आईबापांना झेपणार नाही. शिवाय मुलांना पुढे आपापल्या देशातल्या कॉलेजात जायचंय, त्यामुळे अभ्यासक्रमही तिकडचा. तरी व्हायला हवं, मी मान्य करते.

सातवी_शाळा
मी त्या मुलांपैकीच एक आहे म्हणून लिहितेय. रूथ युसीम नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला आणि त्यातून थर्ड कल्चर किड्स, म्हणजे आईबापांच्या देशाबाहेर वाढणारी मुलं, हा शब्द आला, मी मोठेपणी तो वाचला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्याला नाव आहे.

ताई, त्या आठवीतल्या मुलीचं मला कळतं, मीपण तसंच विचारायचे. पण आम्ही मोजायचो ते वर्षं नाही हो. मला सर्वात जास्त दुखवलं ते तीन वर्षं राहिलेल्या सरांनी, ख्रिसमसच्या सुट्टीत गेले आणि परत आलेच नाहीत, जानेवारीत प्रिन्सिपलने असेंब्लीत सांगितलं. आणि एक वर्षासाठी आलेल्या मॅडम अजून आठवतात, त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मी जुलैत जाणार आहे, आणि मे महिन्यापासून एकेकाला चहाला बोलावून नीट निरोप घेतला. आम्ही रडलो त्यांच्यासमोर, रडायला वेळ मिळाला. मला वाटतं किती दिवस राहणार यापेक्षा जाताना कसे जाता ते शिकवा नव्या लोकांना. ओरिएंटेशनमध्ये साप-विंचू-मलेरिया सगळं सांगतात, हे कुणी सांगत नाही.

खडूफळा
त्या सरांचं वाचून गलबलून आलं. आमच्याकडेही असं झालंय, आणि नंतर आम्ही मोठी माणसं त्यावर मुलांशी काहीच बोललो नव्हतो. दोन वर्षांचं माझं मत मी सोडत नाही, पण सोमवारी नव्या शिक्षकांची मीटिंग आहे, तुमचं हे तिथे वाचून दाखवलं तर चालेल का? नाव नाही घेणार.

सातवी_शाळा
हो, वाचा.

डोंगरापलीकडून
मीपण वाचून रडले, माझी धाकटी आता सातवीत आहे. आमच्याकडे फिजिक्सला अजूनही माणूस नाही आणि वर्ग दोन आठवड्यांत सुरू होतात. कुणाच्या ओळखीत असेल तर एका वर्षासाठी का होईना, कृपा करून कळवा.